मावशीची टिचकी

गावात एक गोष्ट दबक्या आवाजात सांगितली जायची, आणि दबक्या आवाजातली गोष्ट सगळ्यात लांब पोचते हे तुम्हाला मी सांगायला नको. टेलिफोनच्या कचेरीतली मावशी म्हणे आठवडाभर सगळ्या गावाची बोलणी ऐकून ठेवायची आणि शनिवारी दुपारी ती फौजदारांच्या कानात ओतायची. पुरावा मागाल तर पुरावा दारातच उभा असायचा. पोलिसांची जीप. दर शनिवारी, जेवणं आटोपून गाव आडवं झालेलं असताना, ती कचेरीसमोर येऊन थांबायची. फौजदार आत जायचे, दार लोटायचे, आणि बऱ्याच वेळाने बाहेर यायचे ते खाली बघत. ज्यांच्या जिभेला जास्त तिखट लागतं ते याच्याही पुढचं काही सांगायचे. ते मी लिहीत नाही. मावशीच्या नवऱ्याने माझं घड्याळ आयुष्यभर फुकट दुरुस्त केलेलं आहे.

मी त्याच कचेरीत तारवाला होतो. तार तुटली की खांबावर चढायचं, जोडायची, उतरायचं. खांबावरच्या माणसाला सगळ्यांची बोलणी ऐकू येतात असा लोकांचा ठाम समज. खांबावर वारा ऐकू येतो, आणि खालून मावशी ऐकू येते, "माकडा, चहा निवतोय." ती मला माकडच म्हणायची. माझ्या लग्नात बायकोच्या आईलाही तिने हीच ओळख करून दिली, "माकड आहे, पण पडत नाही."

मावशी खरं तर कुणाचीच मावशी नव्हती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. पोस्टाच्या मागे एका खोलीत तिचं राज्य होतं. खोलीच्या एका भिंतीला कपाटाएवढा फळा, त्यावर पितळेच्या बारक्या झडपांच्या रांगा, प्रत्येक झडपेमागे एक घर किंवा एक दुकान. कुणी घरी फोनचा दांडा फिरवला की त्याची झडप टपकन पडायची. मावशी कानाला लावलेल्या यंत्रातून विचारायची, "बोला, कोण हवं?" आणि एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात खोचायची. झालं, दोन घरं जोडली गेली. खोलीच्या कोपऱ्यात काचेच्या दाराची एक लाकडी खोली होती, माणूस जेमतेम मावेल एवढी. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनी तिथे स्टुलावर बसून बोलायचं. तिच्यात कायम दुसऱ्या कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास असायचा. आजही तसा वास आला की मला फोन लावावासा वाटतो.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या फळ्यावर प्रत्येक दोरीपुढे एक कळ होती. कळ वर असली की मावशीला बोलणं ऐकू येणार. कळ खाली पाडली की मावशी बाहेर, बोलणारे दोघेच आत. जोडणी झाली की कायद्याने कळ पाडायचीच. पण मावशीच्या आधी फळ्यासमोरच्या स्टुलावर नाना बसायचे. नानांनी कळ कधी पाडली नाही. ऐकायचे ते ऐकायचेच, वर मधेच तोंड घालायचे. एकदा दोन घरांत सोयरिकीचं बोलणं अगदी रंगात आलं होतं, तर नाना मधून म्हणाले, "मुलगा चांगला आहे हो, पण रागाला जरा लवकर येतो." सोयरीक मोडली. मुलगा कचेरीत येऊन नानांची कॉलर धरून गेला, म्हणजे नाना बरोबरच बोलले होते. पण त्यानंतर गाव फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायला लागलं.

मावशी आली आणि तिने एकच केलं. कळ हळू न पाडता जोरात पाडायला सुरुवात केली. जोरात पाडली की तारेवर दोन्ही बाजूंना आवाज जायचा. पितळेच्या भांड्यावर टिचकी मारावी तसा. टिक्. म्हणजे मी गेले, आता तुमचं तुम्ही बोला. लोकांना हळूहळू ते उमगलं आणि मग पद्धतच पडली. फोन जोडला गेला की माणूस आधी म्हणायचा, "मावशी, टिचकी." टिक् ऐकू आलं की मगच नवऱ्याचं गाऱ्हाणं, मालाचा भाव, दुखण्याचं नाव. आमच्याकडे लहान मुलं भातुकलीत फोन-फोन खेळायची तरी आधी जिभेने टिक् करायची.

मावशीची नणंद तिच्याच घरात राहायची. फोनच्या तारेत तिचं सगळं लक्ष. संध्याकाळी मावशी घरात पाऊल टाकते न टाकते तोच सुरू.

"वहिनी, डॉक्टरीणबाई आज कुणाशी बोलल्या गं?"

"मला काय माहीत?"

"तूच तर जोडून देतेस."

"नणंदबाई, मी जोडायचा पगार घेते, ऐकायचा नाही."

"जळला मेला तो पगार. घरात विहीर आणि मी तहानलेली."

मावशीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला सगळे घड्याळजी म्हणायचे. त्याच्या एका डोळ्याला भिंग चिकटलेलं असायचं आणि तोंडाला कुलूप. तो तेवढ्यात म्हणायचा, "जेवायला वाढा." हे त्याचं दिवसातलं मोठं भाषण.

माझी नात हल्ली मला सांगते, आजोबा, आता निरोपालाच कुलूप असतं, पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाच वाचता येत नाही, ज्यांनी ते यंत्र केलं त्यांनाही नाही. आणि पोलीस म्हणतात, आम्हाला एक किल्ली द्या. यावर मोठमोठी माणसं भांडतात म्हणे. भांडू देत. हे भांडण आमच्या कचेरीत होऊन गेलेलं आहे, आणि तेव्हा चहाही निवला होता.

झालं असं की, गावात घरफोड्या सुरू झाल्या. घरातली माणसं परगावी गेली की नेमकं तेच घर फुटायचं. चोराला कळायचं कसं? लोकांनी बोट दाखवलं फोनकडे. "आम्ही येतोय असं आम्ही नातेवाइकांना फोनवरच तर कळवतो." म्हणजे पर्यायाने मावशीकडे. तोंडावर कुणी बोललं नाही, पण दुधवाला तिच्या दारात घुटमळेनासा झाला. त्यातच म्हातारे मास्तर बाहेरगावचा बेत आयत्या वेळी रद्द करून घरीच राहिले, आणि चोरांना ते माहीत नव्हतं. मास्तरांच्या डोक्यात काठी बसली. ते वाचले, पण पुढे त्यांना पाढे आठवेनात, आणि पाढे नसलेले मास्तर बघवत नसत.

फौजदार नवेच आले होते. उंच, कडक, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघणारे. ते कचेरीत आले तेव्हा मी कोपऱ्यात तारेचं वेटोळं सोडवत होतो.

"बाई, उद्यापासून सगळी बोलणी ऐकायची. संशयाचं काही आलं की मला सांगायचं."

मावशीने कानावरचं यंत्र काढलं. "साहेब, टिचकी दिल्यावर मला ऐकू येत नाही."

"मग टिचकी देऊ नका."

"मग लोक बोलणार नाहीत."

फौजदार हुशार होते. थोडा विचार करून म्हणाले, "असं करा. टिचकी वाजू द्या, पण कळ वरच ठेवा. तारवाला तशी सोय करून देईल. काय रे?"

काय रे हे मला होतं. सोय करणं अगदी सोपं होतं, आणि मावशीला ते ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी वेटोळ्यात अडकलेल्या गाठीकडे असं बघत बसलो, जणू गाठ मारणारा मी नव्हेच.

"खोटी टिचकी?" मावशी म्हणाली.

"चोर पकडण्यासाठी."

"साहेब, खोटी टिचकी चोराला वेगळी आणि डॉक्टरला वेगळी अशी वाजत नाही. एकदा खोटी झाली की सगळ्यांना खोटी. आणि आज कळ तुमच्यासाठी वर राहिली, उद्या दुसऱ्या कुणासाठी राहील. या स्टुलावर मी काय जन्मभर बसणार नाही. परत एखादे नाना येतील."

"मास्तरांच्या डोक्याला टाके पडलेत, बाई. तुमच्या टिचकीने ते भरणार आहेत का?"

यावर मावशी गप्प झाली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोकांनी गोष्ट अशी रंगवली की मावशीने फौजदारांना उभं-आडवं झापलं. छे. ती चांगलीच पडली तोंडावर. मास्तरांकडे ती स्वतः शिकलेली होती. मग म्हणाली, "एक घर ठरवा. एकच. न्यायाधीशांना पटवा, त्यांचा हुकूम आणा. मी ऐकेन."

"आणि तोवर?"

"तोवर तुम्ही तुमचं काम करा, मी माझं."

फौजदार उठले. दारातून म्हणाले, "वर कळवतो मी. या जागेवर ऐकणारी बाई मिळायला वेळ लागणार नाही." चहाला त्यांनी हातही लावला नव्हता. मावशीची नोकरी म्हणजे त्या घरचं अन्न होतं. घड्याळजीचं अर्धं काम फुकटातच जायचं, माझं घड्याळ त्यातलंच. तो चहा मग मी प्यायलो. थंडगार होता.

आता फौजदारांचं कौतुक करायला हवं. रागावून का होईना, माणूस पायांनी कामाला लागला. फुटलेल्या एकेका घरी जाऊन बसला. कुठे गेला होतात, कसे गेलात, कुणाला ठाऊक होतं? आणि त्यातून निघालं ते फोनचं नव्हतंच. प्रत्येकाने लांबच्या गाडीचं तिकीट काढलं होतं, आणि गावात तिकिटं मिळायची एकाच ठिकाणी. आमचा तिकीटवाला. गोड माणूस. तिकीट देताना विचारायचा, "सगळेच निघालात? घर कुणावर टाकलंत?" आम्हाला वाटायचं, काय आपुलकी.

पण नुसत्या आपुलकीवरून कुणाला पकडता येत नाही. फौजदार न्यायाधीशांकडे गेले, आणि एका घराचा, आठ दिवसांचा हुकूम घेऊन कचेरीत आले. मावशीने चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला, जेवणाच्या डब्याखाली दाबून ठेवला.

"ऐकते," ती म्हणाली.

फौजदार समोर खुर्ची टाकून बसले. मला खोलीबाहेरच्या खांबावर काहीतरी किरकोळ काम होतं. नसतं तर मी काढलं असतं. खिडकी उघडी होती.

दुपारी तिकीटवाल्याची झडप पडली. त्याला परगावचा एक दुकानदार हवा होता. मावशीने जोडून दिलं. पलीकडून तो काय बोलला ते मावशीने मागाहून सांगितलं. तिकीटवाला नेहमीच्या लाडिक आवाजात म्हणाला, "मावशी, टिचकी."

मावशी हलली नाही.

"मावशी, टिचकी राहिली."

फौजदारांनी हाताने कळ पाडल्याचा अभिनय केला, मग बोटाने पितळेवर टिचकी मारल्याचा. नुसतं वाजवा, असं ते डोळ्यांनी सांगत होते. मावशीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिचा चेहरा मला वरून दिसत नव्हता, पण हात दिसत होते, आणि ते एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

"मावशी? आहात ना?" मग तिकीटवाल्याने फोन ठेवून दिला.

फौजदार उठले ते खुर्ची पाडूनच. "तुम्ही त्याला सावध केलंत. बाई, तुम्ही चोराला सावध केलंत. उद्या तुम्ही इथे नसाल."

"साहेब, कागदात ऐका असं लिहिलंय. खोटं बोला असं लिहिलेलं नाही."

"तो आता तोंड उघडेल का?"

"नाही उघडणार," मावशी म्हणाली. "ते मला कळतंय."

फौजदार तरातरा बाहेर आले, आणि माझ्याच खांबाला हात टेकून श्वास घेत उभे राहिले. मी वर. आता खांबावरून फक्त वारा ऐकू येतो हे खरं, पण दिसतं सगळं. तिकीटवाल्याचं परसदार तर तळहातावर असल्यासारखं. बघतो तो काय, तिकीटवाला आणि त्याचा मेहुणा हातगाडीवर ट्रंका चढवतायत, भरदिवसा, घामाघूम, वर पोती टाकतायत. एवढी वर्षं ज्याला टिचकीशिवाय कधी बोलावं लागलं नव्हतं, त्याला वाटलं पोलीस दारातच आले. दुसऱ्या कुठल्या गावच्या चोराने फोन ठेवला असता, पाणी प्यायला असता आणि दोन दिवस गप्प बसला असता. आमचा चोर आमच्याच गावात वाढलेला. टिचकी नाही म्हणजे जग बुडालं.

"साहेब," मी वरून म्हटलं, "तिकीटवाला बिऱ्हाड हलवतोय."

फौजदारांनी हातगाडी बोळाच्या तोंडाशी अडवली. तिकीटवाला म्हणाला, "जुनी पुस्तकं आहेत, साहेब." तेवढ्यात गाडीला धक्का बसला आणि पोत्याखालून आवाज आला, टण्ण. घड्याळजी दुकानातून उठून आला, भिंग डोळ्याला तसंच. "हे मास्तरांचं भिंतीवरचं," म्हणाला. "एकाचा ठोका जरा फुटका आहे. सांगितलं होतं मी त्यांना." गावाने घड्याळजीच्या तोंडून इतकी वाक्यं एका दमात कधी ऐकली नव्हती.

चोर सापडला, मावशीला बदलायची भाषा तिथेच विरली. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मावशीचा सत्कार झाला असता. पण तिकीटवाला जाता जाता चौकात ओरडून गेला, "मावशी पोलिसांसाठी ऐकते. मला टिचकी दिली नाही तिने." आणि त्याच आठवड्यात शनिवारी जीप कचेरीसमोर उभी राहिली. पुढच्या शनिवारी पुन्हा. मग काय विचारता.

बायका फोनवर टिचकी मागायच्या आणि ऐकल्यावर वर विचारायच्या, "खरी ना हो मावशी?" मावशी म्हणायची, "खरी." एवढंच. पण तो प्रश्न आला की दिवसभर तिच्या चहात साखर पडायची राहून जायची. टिचकीसाठी तिने नोकरी पणाला लावली होती, आणि आता तीच टिचकी तिला रोज शपथेवर द्यावी लागत होती.

नणंद तर रडकुंडीला आली. "वहिनी, बाजारात मला तोंड दाखवता येत नाही. ती जीप कशाला येते ते एकदा सांगून टाक. मी कुणाला सांगणार नाही."

"तू?" मावशी हसली. "तुझ्यापेक्षा मी वर्तमानपत्रात देते."

"म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे."

"टिचकीच्या पलीकडचं मी सांगत नाही, नणंदबाई. त्यातलं मलाही माहीत नसतं."

शनिवारी ती मलाही कुठल्यातरी टोकाच्या खांबावर पिटाळायची. "माकडा, नदीकडच्या तारेत खरखर आहे." तारेत खरखर कधीच नसायची. मी कुढायचो. सगळ्या गावाला माहीत नसलेली गोष्ट मलाही माहीत नाही, म्हणजे मग मी कचेरीत काम करून मिळवलं काय?

घड्याळजीने काही विचारलं नाही. त्याने एक केलं. शनिवारी दुपारी तो आपलं दुकान बंद करायचा, छोटं मेज उचलून कचेरीच्या पायरीवर आणायचा आणि जीपच्या सावलीत बसून घड्याळं उघडायचा. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा. लोक म्हणायचे, नवरा पहाऱ्याला बसतो. म्हणोत. पण त्यानंतर तिखट जिभा थोड्या थंडावल्या, कारण पायरीवर नवरा स्प्रिंगा पुसत बसलेला असताना त्यापुढची गोष्ट रचायला भलतीच प्रतिभा लागते. मावशी मधेच बाहेर येऊन त्याला चहा द्यायची. दोघं बोलायची नाहीत. नांदत्या घराचं याहून चांगलं चित्र मी पाहिलेलं नाही.

फौजदारांची बदली झाली, जीप यायची थांबली, गोष्ट मात्र राहिली. मग आपोआप जोडणारी यंत्रं आली, फळा भंगारात निघाला, मावशी निवृत्त झाली. जायच्या दिवशी तिने शेवटची जोडणी करून दिली आणि कळ अशी पाडली की खोलीभर वाजली. मी ती कळ स्क्रूने काढून घेतली. ती माझ्या खिडकीत आहे. नात लहान असताना तिच्याशी खेळायची.

मावशी गेली, घड्याळजी तिच्या मागोमाग गेला. नणंद अजून आहे, आणि अजून विचारते.

गेल्या वर्षी एक बाई माझ्याकडे आल्या. पन्नाशी उलटलेल्या, नीटनेटक्या, शिवणाचा मोठा कारखाना चालवतात. मावशीचं घर विचारत आल्या होत्या. मावशी नाही म्हटल्यावर बराच वेळ खिडकीतल्या त्या कळेकडे बघत राहिल्या. मी ती पाडून दाखवली. टिक्. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मग सगळं सांगितलं. मी म्हटलं, "ताई, मी बडबड्या म्हातारा आहे, मला सांगू नका." त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही लिहा. बाबा नाहीत, मावशीही नाहीत. मला आता कुणी काही म्हणत नाही."

म्हणून लिहितो. फौजदारांच्या मुलीला सासरी मारहाण होत होती. सासू शनिवारी दुपारी बाहेर जायची, तेव्हा मुलगी शेजारच्या दुकानात फोनवर यायची. चौकीतल्या फोनजवळ शिपाई बसलेले असायचे, म्हणून फौजदार आमच्या कचेरीतल्या लाकडी खोलीत बसून तिच्याशी बोलायचे. मावशी टिचकी द्यायची. ते काय बोलले, तिने ऐकलं नाही.